सोळा ऑगस्टनंतरची माणसे

लढ्याचा इतिहास लिहिणारे बहुधा लढ्याच्या दिवसापाशीच थांबतात. लढलेला माणूस पुढे घरी येतो, मुलांची लग्ने करतो, शेती किंवा दुकान सांभाळतो, मोहल्ल्यात कोणाची मय्यत झाली तर सर्वांत आधी पोचतो. हे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य कुठल्याच पुस्तकात येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलुखात राहणाऱ्या आम्हाला ही उणीव चिमूरचा इतिहास वाचताना फार जाणवते.

चिमूर तेव्हा जुन्या चांदा जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा त्यातून वेगळा निघाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. त्या दिवशी चिमुरात गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर शहीद झाले. संतापलेल्या जमावाच्या हातून चार सरकारी माणसे मारली गेली. मग फौज आली. पुरुषांची धरपकड झाली, बायकांवर अत्याचार झाले. या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी दिल्लीला लोकनायक अणे यांच्या दारात जाऊन बसले. अणे आपल्याच वऱ्हाडचे आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथे दाद लागली नाही. पुढे भन्साळींचे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशी सुनावली गेली होती. ती रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. इथवरचा इतिहास छापील आहे.

तुरुंगातून सुटून आलेल्यांचे पुढे काय झाले? स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हा, १९७२ साली, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली, ताम्रपटही दिले. पेन्शनसाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास लागे. स्त्रिया, दलित आणि आदिवासी यांना ही अट तीन महिन्यांची केली गेली. तुरुंगाचा दाखला हवा, तो नसेल तर सोबतच्या कैद्यांचे प्रमाणपत्र हवे. पैसा द्यायचा तर सरकारला काही नियम करावाच लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याने फरारी माणसाला चार रात्री घरात लपवले, किंवा जिने नवरा तुरुंगात असताना मजुरी करून लेकरे जगवली, त्यांचे महिने कोण मोजणार? सरकारच्या यादीत नाव नाही, म्हणून गावाच्या आठवणीतूनही ते गेले.

यात आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. याच चांदा मतदारसंघाने १९५२ साली मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना आणि १९७१ साली अब्दुल शफी यांना लोकसभेत पाठवले. जिल्ह्याने आपल्याला परके मानले नव्हते, याचा हा मतपेटीतला पुरावा आहे. तरीही देशप्रेमाचा पुरावा मागितला की आपण घाईघाईने वीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो. खेमकरणच्या रणांगणावर १० सप्टेंबर १९६५ ला शहीद झालेला हा परमवीर आपला अभिमान आहेच. पण जो लढून जिवंत परत आला, त्याचे नाव आपल्याच मुलांना ठाऊक नसते. फौजेतून पेन्शनीत निघालेला हवालदार गावी येतो. कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज भरून देतो, रक्त लागले तर चार तरुणांना दवाखान्यात नेतो, मशिदीचा हिशोब लिहितो, मुलींना शाळेत घाला म्हणून दारोदार फिरतो. त्याला कोणी इतिहासपुरुष म्हणत नाही आणि तो स्वतः तर मुळीच म्हणत नाही.

अशा माणसांचे कागद अजून घराघरांत असतील. फौजेचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, तुरुंगाचा दाखला, जमातीच्या हिशोबाच्या वह्या, बायकोला लिहिलेली पत्रे. यांतले पुष्कळसे लिखाण उर्दूत असते आणि नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली असतात. आजोबांचे अक्षर घरात कोणाला वाचता येत नाही. मरहूमांची पेटी उघडली की नको ते कागद म्हणून सारे रद्दीत जाते. कोणी मुद्दाम हा इतिहास पुसत नाही, तो वाचणाराच उरत नाही.

म्हणून हे काम उर्दू शाळांच्या शिक्षकांनी उचलले पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्याला अनुदान लागत नाही. एका विद्यार्थ्याने सुटीत आपल्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांपाशी बसावे. भरती कधी झाली, पलटण कोणती, घरी कधी आलात, आल्यावर काय केलेत, हे विचारावे. त्यांच्या घरच्या बाईंनाही वेगळे विचारावे, कारण त्या वर्षांचा खरा हिशोब बहुधा त्यांच्यापाशी असतो. कागदावरच्या तारखा ताडून पाहाव्यात आणि सगळे उर्दू व मराठी, दोन्हीत लिहावे. मराठीत अशासाठी, की शेजारच्या आळीतल्या माणसालाही कळावे, आपल्या गावात कोण राहून गेला.