सर्फिंगसाठी लाटांचा अंदाज

फळीवर उभे राहून फुटत्या लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे येण्याच्या खेळासाठी समुद्र कधी आणि कितपत योग्य असेल, याचा काही तास ते काही दिवस आधी बांधलेला अदमास. प्रस्तुत नोंद उष्ण कटिबंधातल्या, उथळ खडकावर किंवा प्रवाळावर फुटणाऱ्या आणि नवशिक्याला झेपणाऱ्या लाटेपुरती आहे. शिवाय ती दिल्लीच्या बाजूने लिहिली आहे. दिल्लीला समुद्र नाही, मुंबई हवाईमार्गानेसुद्धा साधारण १,१५० किमीवर आहे. पण भारतीय समुद्रावरच्या वाऱ्यांचे आणि त्यांनी उठवलेल्या लाटांचे पुष्कळसे गणित लोदी रोडवरच्या मौसम भवन या हवामान खात्याच्या मुख्यालयात आणि नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये होते, आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत कोकण-गोव्याला जाणारा दिल्लीकर त्याच गणिताच्या भरवशावर तिकीट काढतो. तो पाहतो मात्र एकच आकडा, लाटेच्या उंचीचा. खडकावरच्या नवशिक्याचा निकाल उंचीवर लागत नाही, त्या घटकेला खडकावर किती पाणी आहे यावर लागतो. हा अंदाज म्हणूनच ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचायला हवा.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. मुख्यालय आधी कोलकात्यात होते, तेथून ते शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले. राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र १९८८ चे, आज नोएडात. तेथे २०१८ पासून ‘मिहीर’ आणि सप्टेंबर २०२४ पासून ८.२४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अरुणिका’ हा महासंगणक पृथ्वीभरच्या वाऱ्यांची गणिते करतो. वाऱ्याचा अंदाज हाती आला की लाटेचा काढता येतो, कारण लाट म्हणजे कोठेतरी वाहून गेलेल्या वाऱ्याची शिल्लक. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही १९९९ मधली संस्था किनाऱ्यांसाठी लाटांचे अंदाज आणि इशारे देते. भरती-ओहोटीची कोष्टके डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. समुद्राचे इतके काम समुद्र न दिसणाऱ्या गावांत चालावे, ही गंमत खरी. पण तिच्यावरून निघणारा आक्षेप टिकत नाही.

तो आक्षेप असा की, किनाऱ्यावर जन्म काढलेल्या खलाशाला जे डोळ्यांनी दिसते ते नोएडाच्या यंत्राला काय कळणार? उत्तर लाटेच्या प्रवासात आहे. खोल पाण्यात लाटांचा समूह ज्या वेगाने पुढे सरकतो तो त्यांच्या आवर्तनकाळावर, म्हणजे लागोपाठच्या दोन शिरांमधल्या सेकंदांवर ठरतो. सेकंदांना ०.७८ ने गुणले की मीटर प्रतिसेकंद वेग मिळतो. १६ सेकंदांची लाट तासाला ४५ किमी, दिवसाला साधारण १,०८० किमी जाते. दक्षिण हिंदी महासागरात ४० अंश अक्षांशाजवळ वादळ झाले, तर त्याची लाट ६,००० किमीहून जास्त अंतर कापून सुमारे सहा दिवसांनी मालवणला पोहोचते. त्या दिवशी कोकणात वाऱ्याची झुळूक नसेल, आभाळ निरभ्र असेल, खलाशाला आदल्या संध्याकाळपर्यंत कसलीही चाहूल नसेल. अशा दूरवरून आलेल्या लाटेला स्वेल म्हणतात. अमेरिकी सागरवैज्ञानिक वॉल्टर मंक यांनी १९६३ मध्ये पॅसिफिकभर मापनकेंद्रे मांडून दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा थेट अलास्कापर्यंत माग काढत नेल्या, तेव्हापासून या गणिताबद्दल शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. क्षितिजापलीकडचे दिल्लीने पाहावे, खडकाचे खलाशाने पाहावे, अशी ही सरळ वाटणी आहे.

आता उंचीचा आकडा. बातमीपत्रात ‘लाटा १ मीटर’ असे येते ती ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे एकंदर लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाटही येणार, हे त्यात गृहीतच आहे. शिवाय ही उंची खोल पाण्यातली. उथळात शिरताना लाट आखडते आणि उभी राहते, आणि किती उभी राहायची ते आवर्तनकाळ ठरवतो. अभियंते वापरतात त्या ठोकळ सूत्राने खोल समुद्रातली १ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर फुटताना सव्वा मीटर होते आणि १४ सेकंदांची असेल तर पावणेदोन मीटर. बातमीतला आकडा दोन्ही दिवशी एकच असतो. पहिल्या दिवशी नवशिक्या चार वेळा पडून पाचव्यांदा उभा राहतो, दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यात उतरू नये. उलट अर्ध्या मीटरची १२-१४ सेकंदांची लाट खडकाशी येताना सुमारे मीटरभर होते. तिच्या दोन शिरांमध्ये श्वास घ्यायला, फळी वळवायला सवड मिळते. हीच शिकाऊ लाट. दिल्लीच्या अंदाजातून पहिल्यांदा काही वाचायचे असेल तर हे सेकंद वाचावेत. दिशा त्यानंतर, कारण पश्चिमेकडे उघड्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येची लाट सरळ येते, तर भूशिराच्या आडोशाला तीच वळून, दमून पोहोचते.

लाट फुटते ती पाण्याच्या खोलीमुळे. उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की शीर पुढे कोसळते. मीटरभर लाटेला फुटायला साधारण १.३ मीटर, म्हणजे छातीइतके पाणी लागते. महाराष्ट्रालाही आपला म्हणावा असा मोठा प्रवाळी उंचवटा आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किमीवरचा आंग्रिया बँक. तो २० मीटर पाण्याखाली आहे. तेथे लाट फुटायची तर ती १५ मीटरांची हवी, म्हणून तो पाणबुड्यांचा आहे, सर्फरचा नाही. याच्या उलट टोकाला हवाईतले वायकीकी. तेथे रुंद, मंद उताराचा प्रवाळी तळ समुद्रात दूरवर गेला आहे, त्यावर लाट हळूहळू मोडत येते, आणि जगभरचे नवशिके पहिले धडे तेथे घेतात. वाळूपेक्षा खडकाचा गुण हा की तो हलत नाही. वाळूची दांडी एका पावसाळ्यात सरकते, खडकावरची लाट मात्र वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच बाजूला फुटते. जागा पक्की असल्याने बदलणारे माप एकच उरते, वरचे पाणी. ओहोटीला अर्धा मीटर आणि भरतीला अडीच मीटर पाणी राहणारा एखादा खडक घ्या. मीटरभराची तीच लाट ओहोटीला त्याच्या बाहेरच्या कडेवर धाडकन कोसळेल आणि आत गुडघाभर पाण्यात कातळ असेल. पूर्ण भरतीला ती खडकावरून न फुटताच निघून जाईल. मधल्या दीड-दोन तासांत मात्र तीच लाट सरकत, उलगडत येईल. सकाळ, दुपार, संध्याकाळ उंचीचा अंदाज एकच होता.

भरतीबरोबर वारा पाहायचा. पाठ्यपुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे येथे उपयोगी पडतात. रात्री आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा लाटेचे तोंड गुळगुळीत ठेवतो, आणि उशिरा सकाळी सुरू होणारा खारा वारा ते विस्कटून टाकतो. हिवाळ्यात व उन्हाळ्यात कोकणात चांगले पाणी म्हणजे बहुधा नऊ-दहाच्या आतले पाणी. या तासांत भरती कोणत्या दिवशी येते? जुना ठोकताळा आहे : तिथीचा पाऊणपट घ्यावा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईला ढोबळमानाने लागू पडतो, आणि भरती किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत असल्याने मालवण-गोव्याकडे ती तासाभराने आधी धरावी. अमावास्या-पौर्णिमेला दक्षिण कोकणात भरती अकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाचला पाणी तळाला. मतलई वाऱ्याचे तास खडक उघडा असण्यात जातात आणि पाणी चढेपर्यंत खारा वारा उठतो. त्यातून ते उधाण, पाण्याची चढउतार दोन मीटरहून जास्त. नवमी ते द्वादशी या दिवसांत चित्र उलटते. भरती सकाळी सहा ते आठच्या दरम्यान, वारा जमिनीकडून, आणि भांगाचे दिवस असल्याने चढउतार कमी, म्हणून योग्य खोली दीड तासाऐवजी तीन-चार तास टिकते. (भांग अष्टमीला असतो असे आपण म्हणतो, पण पाणी एक-दोन दिवस मागून येते.) दोन्ही पक्षांत हेच. दिल्लीतल्या मराठी घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते, तिकिटाची तारीख ठरवायला ते पेटाफ्लॉपांपेक्षा आधी कामाला येते, कारण भरती महिनेच्या महिने आधी ठरलेली असते आणि स्वेल आठवडाभर आधीच काय तो दिसतो. नेमकी मिनिटे डेहराडूनच्या कोष्टकातूनच घ्यावीत, ठोकताळ्याने तासभराची चूक सहज होते.

आणखी एक आक्षेप जास्त वजनाचा आहे. नोएडाच्या जागतिक प्रतिमानाची चौकट सुमारे १२ किमीची, खडक शंभर-दोनशे मीटरांचा. त्याला मालवणचा किल्ला दिसत नाही, त्यामागचा आडोसा कसा दिसेल? हे खरेच आहे, आणि सर्फिंगच्या ॲपवरचे तारे याच ठिकाणी फसवतात, कारण ते चौकटीची सरासरी एका खडकाच्या नावावर खपवतात. पण यावरून अंदाज टाकाऊ ठरत नाही. बाहेरच्या समुद्रात काय येत आहे एवढेच त्याला विचारावे. रत्नागिरीजवळ लाटा मोजणारा तरंगता बोया आहे, त्याच्या नोंदीशी अंदाज ताडून पाहता येतो. शेवटचे काही किलोमीटर मात्र स्थानिक माणसाचे. खडकाची खाच कोठे आहे, पाणी परतताना ओढ कोणत्या बाजूला लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

ऋतूंचा हिशेब त्या मानाने सोपा. जून ते सप्टेंबर पश्चिम किनारा नवशिक्याला बंद. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी लहान. मधूनच अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या वायव्येच्या लाटा येतात. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये दक्षिणेचे स्वेल येऊ लागतात. ते सर्वांत फसवे. केरळातले मच्छीमार अशा लाटेला ‘कळ्ळक्कडल’, चोरासारखा येणारा समुद्र म्हणतात. इन्कॉइसने त्यासाठी २०२० मध्ये स्वतंत्र इशारा-यंत्रणा सुरू केली. ४ व ५ मे २०२४ ला असा इशारा मुंबईपर्यंत दिला गेला, आणि ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर गेलेले पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. ‘हवा चांगली आहे, मग लाटही बरी असेल’ हा समज किती घातक आहे, हे यातून दिसते. वादळाचेही तसेच. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ किनाऱ्यापासून दूर जात असताना अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झाले, ते २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. वादळ दूर गेले तरी त्याच्या लाटा मागे फिरून येतात. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांची सूचना मौसम भवनातूनच निघते, आणि ती असताना तिथीचा हिशेब बाजूला ठेवावा.

राहिला प्रश्न, नवशिक्याने खडकावर जावेच कशाला? भारतात शिकवणी बहुतांशी वाळूवर चालते : कर्नाटकात मुलकी, चेन्नईजवळ कोवलम, गोव्यात हरमल. पहिले आठ-दहा दिवस तेथेच घालवावेत, हे बरोबरच आहे. पण लक्षद्वीप-अंदमानला जाणाऱ्याला प्रवाळ टळत नाही, आणि कोकणातही वाळूच्या पुळणीच्या दोन्ही टोकांना जांभ्याचा किंवा काळा कातळ असतोच. प्रवाळावर उभे राहणे तर दोन्हीकडून महागात पडते. जखम लवकर भरत नाही, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, तेथे फळी घेऊन किल्ल्याभोवतीच्या प्रवाळावर जाऊ नये. पडताना पाय खाली न टेकता आडवे पडावे, ही सवय वाळूवरच लावून घ्यावी. लक्षद्वीपला चढउतार कोकणापेक्षा कमी असते आणि अंदमानच्या भरतीचे वेळापत्रक निराळे, त्यामुळे पाऊणपटीचा ठोकताळा तेथे नेऊ नये. आणि डिसेंबर-जानेवारीची एकादशी साधायची असेल, तर दिल्लीहून एक दिवस आधी निघावे. धुक्यात विमान किती वाजता सुटेल, हे सहा हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या लाटेपेक्षाही कमी खात्रीने सांगता येते.