आउटबोर्ड वेगनौका : जुळणी

आउटबोर्ड इंजिनाच्या लहान, हलक्या नौकेकडून जास्तीत जास्त वेग काढण्यासाठी इंजिनाची उंची व कोन, प्रोपेलर, वजनाची मांडणी आणि तळाचा सरळपणा यांची केलेली जुळवाजुळव. मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ च्या सुमारास आउटबोर्ड इंजिन अमेरिकेत बाजारात रुजवले, ते वल्ही मारण्याचे कष्ट वाचावेत म्हणून. शर्यतींचा नाद नंतरचा.

वेग हवा म्हटले की आधी मोठे इंजिन सुचते. सर्वांत खर्चिक उपाय तोच. पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने बुडालेला भाग कमी करणे अधिक फायद्याचे. व्ही-आकाराच्या तळाच्या मधोमध, मागच्या बाजूस अरुंद सपाट पट्टी (पॅड) असते. पूर्ण वेगात नौका जवळजवळ तेवढ्यावरच धावते. या भागात सरळ पट्टी लावून तळ तपासतात. तळ आत गेलेला असेल तर नाळ खाली दबते, फुगलेला असेल तर ती वर उचलली जाते आणि नौका उड्या घेऊ लागते.

खरी करामत इंजिनाच्या उंचीत. जॅक प्लेटमुळे इंजिन ट्रान्समपासून (नौकेच्या मागच्या उभ्या फळीपासून) मागे सरकते आणि हवे तसे वर घेता येते. प्रोपेलरच्या दांड्याचा मध्य पॅडच्या तळरेषेखाली किती, हे मोजतात; वेगवान नौकांत तो सुमारे ७ ते १० सेंमी. खाली असतो, शर्यतीच्या नौकांत तळरेषेच्या आसपास. तेव्हा वरची पाती पाण्याबाहेर फिरतात. तिथे ॲल्युमिनियमची पाती लवतात; कडेला बाक दिलेला स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलरच लागतो. थंडाव्याचे पाणी घेणारी भोकेही उघडी पडू शकतात, म्हणून ती गिअरकेसच्या नाकाशी, खालच्या अंगाला घेतात. पाण्याच्या दाबाचा काटा न बसवता इंजिन वर चढवणारा ते जाळायच्याच वाटेवर असतो.

पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात न घसरता जितका पुढे जाईल ते अंतर; त्याचा हिशेब सोपा आहे. इंजिनाचे मिनिटाला ६,००० फेरे, गिअरचे प्रमाण १.८७ आणि पिच २४ इंच असेल, तर कागदावरचा वेग ताशी सुमारे ११७ किमी. येतो. नौका प्रत्यक्षात १०५ ने धावली, तर स्लिप (कागदावरच्या वेगातील तूट) सुमारे दहा टक्के. स्लिप शून्याखाली निघाली तर आनंदून जाऊ नये. बहुधा पिचचा, गिअरचा किंवा फेऱ्यांचा आकडा चुकलेला असतो.

पॅडवर तोललेली नौका डावी-उजवीकडे डुलू लागते. याला चाइन वॉक म्हणतात. सुकाणूच्या केबलमधील ढिलाईने हे डुलणे वाढते, म्हणून दुहेरी केबल किंवा हायड्रॉलिक सुकाणू बसवतात. ट्रिम (इंजिनाचा कोन) फार वर नेल्यास हवा नाळेखाली शिरून नौका मागे उलथू शकते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान नौकांत, बंद केबिनमध्ये सुकाणू नसल्यास, वेगात असताना चालकाने इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी अंगाला अडकवणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे.