खिंड, बारी आणि पेशमर्गा

मराठीत गड लढवतात, किल्ला लढवतात आणि खिंडही लढवतात. ‘लढवणे’ हे प्रयोजक रूप मोठे विलक्षण आहे. लढतो माणूस, पण लढवली जाते जागा. जणू जागेच्याच हाती शस्त्र दिले आहे. गडाच्या बाबतीत हे पटते. त्याला तट असतो, बुरूज असतात, मारा करायला जंग्या असतात. खिंडीपाशी यातले काहीच नसते. खिंड म्हणजे डोंगराच्या भिंतीतली उणीव, जिथे डोंगर असायला हवा होता आणि नाही ती जागा.

दापोली तालुक्यातल्या आमच्या मुरुडला सुपारीच्या बागांभोवती चिऱ्यांचे गडगे असतात, चुन्याशिवाय नुसते रचलेले. पावसात खालची माती सुटते, दोन-चार चिरे घरंगळतात आणि तेवढ्या वाटेने गुरे बागेत शिरतात. त्याला आपण खिंडार पडले म्हणतो. खिंड आणि खिंडार ही एकाच घरातली आहेत, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही. मग अशी पोकळी लढवायची कशी? स्वतः तिथे उभे राहून ती बुजवायची, एवढाच उपाय. १३ जुलै १६६० रोजी गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभूंनी आणि त्यांच्या सोबतच्या मावळ्यांनी तेच केले, आणि या वाक्प्रचाराचा आजचा अर्थ त्या एका दिवसाने घडवलेला दिसतो. घरातली सगळी माणसे तापाने झोपलेली असताना एकटी सून सगळे निभावते, तेव्हा शेजारीणही म्हणते की पोरीने एकटीने खिंड लढवली.

शब्द आला कुठून? पहिला संशय अर्थात संस्कृत ‘खण्ड’वर जातो. खण्ड म्हणजे तुकडा. पण तुटणे, मध्ये अंतर पडणे हाही अर्थ त्यात आहे, आणि ‘अखंड’ म्हणताना आपण तोच नाकारत असतो. अडचण स्वराची आहे. खण्डाची रीतसर मराठी मुले म्हणजे खांड, खांडोळी. त्यांच्यात इकार नाही. तो खिंडीत कुठून शिरला? हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात पक्व, अंगार आणि ललाट या तीन शब्दांत अकाराचा विकल्पाने इकार होतो असे सांगितले आहे: पिक्क, इंगाल, णिडाल. तिन्ही आपल्याकडे सुखाने नांदत आहेत. आंबा पिकतो, चुलीत इंगळ फुलतो, आणि निढळाचा घाम गाळतो त्यातले निढळ म्हणजे ललाटच. तेव्हा अ-चा इ होणे मराठीच्या पूर्वजांना नवे नव्हते. पण हेमचंद्राच्या यादीत खण्ड नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा संशय दक्षिणेकडे नेतो. कन्नडमध्ये ‘किंडी’ म्हणजे फट, भोक, झरोका. उडुपीच्या कृष्णमंदिरातली ‘कनकन किंडी’ प्रसिद्ध आहे. कनकदासांना तिच्यातून देवाचे दर्शन घडले अशी श्रद्धा आहे. इथे स्वर तंतोतंत जुळतो, अर्थही जवळचा. आडवा येतो तो ‘क’. त्याचा ‘ख’ कसा झाला? गंमत अशी, की उत्तर पुन्हा हेमचंद्राकडेच मिळते. कुब्ज, कर्पर आणि कील या तीन शब्दांतल्या आरंभीच्या क-चा ख होतो, असे त्याचे सूत्र आहे, आणि मराठीत आजही आपण खुजा, खापर, खिळा म्हणतो. म्हणजे खण्डाला स्वर अडवतो, किंडीला व्यंजन अडवते, आणि दोन्ही अडसर काढायची किल्ली एकाच वैयाकरणाच्या खिशात सापडते. वाचकांनी हवी ती बाजू घ्यावी. मी किंडीकडे झुकतो, आणि त्याचे कारण ध्वनीपेक्षा अर्थाचे आहे.

डोंगरातल्या वाटेला बागलाणाकडे ‘बारी’ म्हणतात. सेलबारी आणि डोलबारी ही नावे नकाशावरही आहेत. शेजारच्या गुजरातीत बारी म्हणजे खिडकी. दोन्ही ‘द्वार’ या शब्दाच्या प्राकृत रूपातून, ‘बार’मधून, आलेल्या असाव्यात. खुद्द खिडकीचे जुने रूप प्राकृतात ‘खडक्की’, म्हणजे छोटे दार. सह्याद्रीकडे पाहणाऱ्या माणसाला तो आधी भिंत दिसला आणि मग तिच्यातली फट, झरोका, दार दिसले, असा हा क्रम असावा. त्या पंक्तीत किंडी नीट बसते. खण्ड जरा अवघडून बसतो.

कोकणातून वर जाण्याच्या वाटांना मात्र बारीपेक्षा ‘घाट’ आणि ‘नाळ’ हे शब्द जास्त. घाट मुळात नदीचा, पायऱ्या उतरून पाण्यापाशी नेणारा. तो डोंगरावर कधी चढला हा वेगळा शोध आहे. घाटावरून आलेला तो ‘घाटी’, ही आमची किनाऱ्यावरची वर्गवारी, आणि मुंबईत जाऊन तिला जो तुच्छतेचा वास लागला तो जाईल तितक्या लवकर जावो. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट त्यांच्या आत्मवृत्तामुळे सर्वांना ठाऊक आहे. वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवले, हेही. मुरुडच्या माणसाला विद्या, नोकरी, फौज यांतले काहीही हवे असले तरी आधी ही भिंत ओलांडावी लागे. भिंतीला दारे कुठे आहेत, हे ज्ञान म्हणूनच मौल्यवान होते आणि त्याला शब्दही इतके.

आता ‘दरी’. संस्कृत दॄ, म्हणजे फाडणे. त्यातून विदारणे, विदीर्ण, आणि दरी म्हणजे डोंगर फाटलेली जागा. फारसीत ‘दरीदन’ म्हणजे फाडणे आणि ‘दर्रा’ म्हणजे खिंड किंवा दरी. खैबरचा दर्रा आपल्या कानावर हिंदी-उर्दूतून आलेला आहे. दोन्ही भाषा एका आजीच्या नाती, तेव्हा दरी आणि दर्रा ही मावसभावंडे असावीत. (दरवाजातला ‘दर’ मात्र यांचा नव्हे. तो द्वाराचा, म्हणजे बारीचा भाऊ.)

दर्रा ओलांडून पश्चिमेला चालत राहिले की कुर्दांचा मुलूख लागतो. कुर्दी हीही इराणी कुळातली, फारसीची बहीण. तिच्यात अरुंद दरीला ‘गेली’ म्हणतात. इराकमधल्या रवांदुझ गावाजवळ ‘गेली अली बेग’ नावाची प्रसिद्ध घळ आहे. फारसीत ‘गलू’ म्हणजे गळा, संस्कृतात ‘गल’, आणि कुर्दी गेलीचाही संबंध गळ्याशीच असावा असे वाटते. काश्मीरमधल्या पीर पंजालच्या रांगेत एका खिंडीला ‘पीर की गली’ म्हणतात. आपली शहरातली गल्ली त्याच गळ्यातून निघालेली असू शकेल. पण शिवथरघळीतली ‘घळ’ या माळेत ओवण्याचा मोह मी आवरतो. ग आणि घ इतक्या सहजासहजी जागा बदलत नाहीत, आणि नुसता कान जुळला म्हणून सोयरीक जमवायची नसते.

याच गेली अली बेगच्या परिसरात, रवांदुझवर पहारा देणाऱ्या हंदरीन आणि झोझिक या डोंगरांवर मे १९६६ मध्ये लढाई झाली. इराकी सैन्याला इराणच्या सीमेकडे जाणारा रस्ता हवा होता. तो तोडला की कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानी यांच्या ताब्यातल्या मुलखाचे दोन तुकडे पडले असते आणि बाहेरून येणारी रसद बंद झाली असती. त्यासाठी रस्त्यावर नजर ठेवणारे माथे जिंकायला हवे होते. कुर्दांनी माथे सोडले नाहीत, आणि चढून आलेल्या इराकी ब्रिगेडची हंदरीनवर पुरती वाताहत झाली. पुढे दोन महिने उलटायच्या आत, २९ जून १९६६ रोजी, पंतप्रधान अब्दुल रहमान अल-बझ्झाझ यांनी कुर्दांच्या हक्कांना मान्यता देणारा तोडगा जाहीर केला. तो अमलात आला नाही. स्वायत्ततेचा करार व्हायला ११ मार्च १९७० उजाडावा लागला, आणि तोही टिकला नाही. एवढ्या रक्ताने मिळवलेली वचने इतक्या सहज मोडली जावीत, हे वाचताना मन विषण्ण होते.

हंदरीनवर लढले त्यांचे नाव ‘पेशमर्गा’. पेश म्हणजे पुढे, मर्ग म्हणजे मरण. मरणाला सामोरा जाणारा तो पेशमर्गा. मराठी वाचकाला यातला पेश परका नाही. पेशवा, पेशकार, पेशगी, कोर्टातली पेशी. जुन्या कागदांत ‘पेशजीप्रमाणे’ असते, म्हणजे पूर्वीप्रमाणे. जे काळात आपल्या पुढे होऊन गेले ते पेशजी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ केले, तरी प्रधान म्हणजेही पुढे ठेवलेला. शब्द बदलला, पण माणूस पुढेच उभा राहिला.

आणि कुर्दांनाही पेशवा होता. २२ जानेवारी १९४६ रोजी इराणमधल्या महाबाद येथे कुर्दांचे प्रजासत्ताक घोषित झाले. त्याचे अध्यक्ष काझी मुहम्मद यांना लोक ‘पेशवा’ म्हणत. कुर्दी उच्चार ‘पेशेवा’. वर्षभरात ते राज्य संपले आणि ३१ मार्च १९४७ रोजी, जिथे घोषणा केली त्याच चौकात, त्यांना फाशी दिली. चौकाचे नाव ‘चवार चिरा’. मुरुडच्या माणसाला त्यात चार जांभे दगड दिसतील. चवार म्हणजे चार हे खरेच, तो चतुर्-चाच वंशज. पण त्यांचा चिरा म्हणजे चिराग, दिवा. आपला चिरा चिरण्यातून निघालेला. अर्धी जोडी सख्खी, अर्धी निव्वळ योगायोगाची.

मर्गाचे कूळ तर फारच जुने. अवेस्तात ‘महर्क’ म्हणजे मृत्यू, विनाश. वैदिक संस्कृतात त्याचा जोडीदार ‘मर्क’. तो मर्क आपल्याला प्रल्हादाच्या गोष्टीत भेटलेला आहे. शंड आणि अमर्क अशी फोड काही जण करतात, पण शंडामर्कांतला दुसरा गुरू मर्कच असावा. याच ‘मृ’ धातूचा इराणी शाखेतला दुसरा मुलगा ‘मर्द’, संस्कृत मर्त्याचा भाऊ. मर्द म्हणजे मूळ अर्थाने मरणारा! मर्दानी, मर्दुमकी हे शब्द आपण छाती फुगवून वापरतो, त्यांच्या तळाशी हा अर्थ आहे. ‘मराठा’ची लोकव्युत्पत्तीही अशीच: मरेल पण हटणार नाही तो मर-हटा. भाषाशास्त्र तिला मानत नाही. महाराष्ट्र, महारट्ठ, मरहट्ठ हा मार्ग सरळ आहे. पण लोकांनी स्वतःच्या नावात जो अर्थ शोधला, तो कुर्दांनी शब्द घडवून मुद्दाम घातला, आणि दोन्हीकडे डोंगरात राहून स्वतःचे राज्य मागणारी माणसे होती. या साम्याला व्याकरणाचा आधार नाही, तरी मला ते टाकवत नाही.

राहिला ‘खिंडीत गाठणे’. हा खिंड लढवण्याचा नेमका उलटा प्रयोग. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान कुरवंड्याचा घाट उतरून उंबरखिंडीत शिरला आणि तिथे मराठ्यांच्या कोंडीत सापडून त्याला शरण जावे लागले. शिवाजी महाराज तिथून दक्षिण कोकणात उतरले आणि आमच्याच दापोली तालुक्यातल्या दाभोळपर्यंत आले. खिंड तीच, तिच्या तोंडाशी उभे राहिलात तर ती लढवता, पोटात सापडलात तर गाठले जाता. हंदरीनवर कुर्दांनी दोन्ही एकाच वेळी केले. पण घोडखिंडीने ‘लढवणे’ रूढ केले तसे उंबरखिंडीने ‘गाठणे’ रूढ केले असे मला वाटत नाही. हा प्रयोग शिकारीतून आलेला असावा. हाकारे रान उठवतात, डुक्कर पळत सुटते, आणि डोंगराला जिथे फट आहे तिथूनच ते निघणार हे ओळखून बंदूकवाला आधीच तिथे जाऊन बसलेला असतो. ‘गाठणे’ या क्रियापदात पाठलाग आहे, आणि पाठलाग लढाईपेक्षा शिकारीचा अधिक.