शैक्षणिक परिसरातील जातिवाचक अवमान आणि कायदा : बोले ठरावापासून 2026 च्या विनियमांपर्यंत

शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळणे आणि प्रवेशानंतर तेथे सन्मानाने राहता येणे या दोन भिन्न बाबी होत. मुंबई इलाख्याच्या व पुढे स्वतंत्र भारताच्या कायद्याने पहिलीची दखल आधी घेतली; दुसरीची फार उशिरा. अहमदनगर येथे (2024 पासून अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1831 मध्ये सुरू झाले. येथील मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेपासून जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली. सरकारी शाळांची स्थिती मात्र निराळी होती. धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि 1856 मध्ये त्याने सरकारकडे केलेला अर्जही निष्फळ ठरला.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, अशी त्यात शिफारस होती. अंमलबजावणी होत नाही असे दिसताच 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : जी नगरपालिका किंवा स्थानिक मंडळ हा ठराव पाळणार नाही, तिला सरकारी अनुदान देऊ नये. व्यक्तीऐवजी संस्थेला जबाबदार धरण्याची ही कल्पना पुढील कायद्यांत जवळजवळ लुप्त झाली, हे विशेष होय.

1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने शिक्षणसंस्था व वसतिगृहे यांतील प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा अस्पृश्यतेवरून केलेला अपमान मात्र 1976 च्या दुरुस्तीनेच स्वतंत्रपणे दंडनीय झाला. दार उघडण्यापासून शब्दापर्यंत येण्यास कायद्याला एकवीस वर्षे लागली.

1989 च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमाने ही तरतूद कठोर केली. परंतु अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा, ही अट घातली. सर्वोच्च न्यायालयाने 5 नोव्हेंबर 2020 च्या हितेश वर्मा प्रकरणात, चार भिंतींच्या आत बाहेरच्या कोणाच्याही अनुपस्थितीत उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत, असे स्पष्ट केले. वसतिगृहाच्या बंद खोलीतील टोमणा मग कोणत्या कलमात बसवायचा? साक्षीदार असले तरी ते टिकतातच असे नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले व नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो खटला शाब्दिक अवमानाचा नव्हता, खुनाचा होता. खुनाच्या खटल्यात जे घडते ते शब्दाच्या खटल्यात किती सहज घडेल, याची कल्पना करता येते.

महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम येथे अधिक उपयोगी ठरावयास हवा होता. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक असून, हयगय झाल्यास तो गुन्ह्यास अपप्रेरणा देणारा मानला जातो. परंतु त्यातील रॅगिंगच्या व्याख्येत जातीचा उल्लेख नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जात, धर्म, वंश इत्यादी कारणांवरून होणारा छळ आपल्या रॅगिंगविषयक विनियमांत 2016 मध्ये आणला. मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांचा 22 मे 2019 रोजी मृत्यू झाला, तेव्हा हे दोन्ही नियम अस्तित्वात होते.

अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण भेदभाव रोखू न शकणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान थांबविण्याची मुभा देते. डिसेंबर 2019 च्या अध्यक्षीय आदेशाने ज्यूद्वेषाच्या तक्रारी त्याखाली हाताळण्यास बळ दिले. बोले यांनी 1926 मध्ये मागितले होते ते याहून फार वेगळे नव्हते. भारतात आयोगाच्या 2012 च्या समता विनियमांनी संस्थांत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. जानेवारी 2026 मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या विनियमांनी नियम मोडणाऱ्या संस्थेला आयोगाच्या योजनांतून वगळण्याची तरतूद केली. 29 जानेवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि 2012 चेच विनियम तोवर लागू ठेवले.