आईच्या वहीतल्या पाककृती वाचवणारी शेतकऱ्याची लेक : मेरी एमा शोवॉल्टर

आईची पाककृतींची वही बहुतेक घरांत असते. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली, आणि प्रमाणाच्या जागी ‘अंदाजाने’ लिहिलेली. आई गेली की ती वही माळ्यावर जाते आणि पुढच्या आवराआवरीत रद्दीत.

अमेरिकेतल्या एका शेतकरी घरातल्या मुलीने आपल्या समाजात नेमकं हेच घडताना पाहिलं. तिने त्या वह्यांतला ऐवज गोळा करायचं ठरवलं. तिचं नाव मेरी एमा शोवॉल्टर.

मेनोनाइट म्हणजे कोण?

१५२५ साली झुरिकमध्ये काही ख्रिस्ती लोकांनी एक वेगळी भूमिका घेतली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नको, माणसाने मोठं झाल्यावर स्वतः समजून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. हातात शस्त्र धरायचं नाही, हीदेखील त्यांच्यातल्या अनेकांची श्रद्धा. पुढे मेनो सायमन्स या डच धर्मगुरूच्या नावावरून त्यांना ‘मेनोनाइट’ म्हटलं जाऊ लागलं. घोडागाडीमुळे ओळखले जाणारे आमिश लोक १६९३ मध्ये याच परंपरेतून वेगळे झाले.

युरोपात छळ झाल्यामुळे हे लोक देशोदेशी पांगले. काही पेन्सिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात आले, तर काही रशियात गेले आणि १८७० च्या दशकात तिथून कॅन्सस आणि मॅनिटोबात पोहोचले. जातील तिथे त्यांनी मुख्यतः शेतीच केली. भारताशीही त्यांचा संबंध आहे. दुष्काळातल्या मदतकार्यापाठोपाठ १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनरी आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आले.

शेत, श्रद्धा आणि युद्ध

शोवॉल्टर यांचा जन्म १९१३ चा. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात, शेतावरच त्या वाढल्या. आईच्या हस्तलिखित वहीवरून त्या स्वयंपाक शिकल्या.

दुसऱ्या महायुद्धात या समाजापुढे पेच उभा राहिला. सक्तीची सैन्यभरती सुरू झाली होती आणि यांना तर बंदूक उचलायची नव्हती. कायद्याने पर्यायी सेवेची सोय ठेवली. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे १२ हजार तरुणांनी सैन्याऐवजी मृदसंधारण, वनीकरण आणि मनोरुग्णालयांत काम केलं. त्यासाठी सरकारकडून पगार नव्हता. या तरुणांच्या छावण्यांमध्ये शोवॉल्टर यांनी आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. थोड्या पैशांत अनेकांची पोटं भरायची, हे ते काम. नंतर मध्यपूर्वेतल्या निर्वासितांच्या मदतकार्यातही त्या गेल्या.

५ हजार पाककृती आणि ‘अक्रोडाएवढं लोणी’

आजी-पणजीच्या वह्या नाहीशा होत आहेत आणि त्यांच्या जागी छापील पुस्तकं येत आहेत, हे शोवॉल्टर यांच्या लक्षात आलं. अमेरिका आणि कॅनडातल्या मेनोनाइट वस्त्यांमधल्या बायकांकडे त्यांनी पाककृती मागितल्या. ५ हजारांहून अधिक आल्या.

खरी अडचण पुढेच होती. जुन्या वह्यांत मापं नव्हतीच. लोणी ‘अक्रोडाएवढं’ आणि पीठ ‘घट्ट होईल इतकं’! लिहिणारीला ते पुरेसं होतं, कारण तिचा हात सरावलेला. पण तो हात गेल्यावर वहीचा उपयोग काय? शोवॉल्टर यांनी अशा पाककृती कप-चमच्याच्या मापांत बसवल्या. त्यातल्या ११०० हून अधिक निवडून १९५० मध्ये ‘मेनोनाइट कम्युनिटी कुकबुक’ प्रसिद्ध झालं.

या पुस्तकातली एक यादी आजही गाजते. शेजाऱ्याचं धान्याचं कोठार उभारायला सगळं गाव एकत्र येतं, त्या दिवशीच्या जेवणाची ती यादी. १७५ माणसांसाठी ११५ लिंबाचे पाय, ५०० डोनट, १६ कोंबड्या आणि ३०० पाव! अशा दिवशी पुरुष छतावर चढलेले दिसतात. पण त्यांच्या पोटासाठी किती हात राबत होते, ते या यादीतून कळतं.

पुढे काय झालं?

शोवॉल्टर यांनी डॉक्टरेट मिळवली, त्या काळातल्या मेनोनाइट स्त्रीसाठी ही दुर्मीळ गोष्ट होती. व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या ईस्टर्न मेनोनाइट कॉलेजात त्यांनी गृहविज्ञान विभाग उभा केला. पुढे लग्नानंतर त्यांच्या नावापुढे ‘ईबी’ लागलं. २००३ मध्ये, नव्वदीच्या आसपास, त्यांचं निधन झालं.

पुस्तक मात्र चालतच राहिलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि २०१५ मध्ये नवी आवृत्तीही आली. १९७६ मध्ये डोरिस जॅन्झन लाँगएकर यांचं ‘मोअर-विथ-लेस कुकबुक’ आलं. जगातल्या भुकेचा विचार करून आपल्या ताटातलं कमी करा, असं सांगणारं ते पुस्तक. मेनोनाइट स्वयंपाकाच्या पुस्तकांची वाट मात्र शोवॉल्टर यांनी आधीच रुळवली होती.

त्यांच्या पुस्तकात पाककृतीबरोबर ती पाठवणारीचं नाव आणि गाव छापलं आहे. अनेकींची नावं ‘मिसेस’ लावून, नवऱ्याच्याच नावाने आली आहेत. त्या काळाची रीतच तशी होती. तरीही एरवी कुठेच नोंद झाली नसती अशा शेकडो शेतकरी बायका त्या पानांवर आपल्या पदार्थासह टिकून आहेत.