दोजिन्शी : उसनी पात्रे आणि स्वतःचे श्रम

जपानी भाषेत ‘दोजिन’ म्हणजे समानधर्मी मंडळी आणि ‘शी’ म्हणजे नियतकालिक. आज ‘दोजिन्शी’ म्हटले की स्वखर्चाने छापलेली चित्रकथांची पुस्तिका डोळ्यांपुढे येते. परंतु तिचे कूळ साहित्यिक आहे. १८८५ साली ओझाकी कोयो आदी तरुण लेखकांच्या ‘केन्यूशा’ मंडळाने ‘गाराकुता बुन्को’ हे नियतकालिक काढले. प्रारंभी ते हस्तलिखित रूपात सभासदांमध्ये हातोहाती फिरे; छपाई मागाहून आली.

चित्रकथांच्या हौशी मंडळांना हक्काचा बाजार मिळाला तो २१ डिसेंबर १९७५ रोजी. त्या दिवशी टोकियोतील एका सभागृहात पहिले ‘कॉमिक मार्केट’ भरले. ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे जमली. त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. येथे विक्रेता व गिऱ्हाईक असा भेद नाही, सारेच सहभागी, हे या मेळ्याचे तत्त्व. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांची एकूण उपस्थिती साडेसात लाखांवर गेली.

यांतील पुष्कळ पुस्तिकांतली पात्रे लोकप्रिय चित्रकथांतून उसनी घेतलेली असतात. कायद्याच्या दृष्टीने हे धोक्याचे. १९९९ साली पोकेमॉनच्या पात्रांवर पुस्तिका काढणाऱ्या एका लेखिकेस अटकही झाली. तथापि मूळ हक्कदाराने तक्रार केल्यावाचून खटला उभा राहत नसे, आणि प्रकाशक बहुधा काणाडोळा करीत. २०१८ च्या अखेरीस कायदा कडक झाला, तेव्हाही अशा रूपांतरित निर्मितीपुरती तक्रारीची अट कायम ठेवण्यात आली.

पुढे महाजालाचा प्रसार झाला. काही संकेतस्थळे लेखकांच्या संमतीने पुस्तिका विकू लागली. काहींनी मात्र न विचारता पानेच्या पाने फुकट मांडली आणि जाहिरातींवर पैसा मिळविला. अशा एका प्रकरणात प्रतिवादीने विचारले : ज्याने स्वतःच पात्रे उसनी घेतली, त्याला तक्रारीचा अधिकार कोणता? ६ ऑक्टोबर २०२० रोजी बौद्धिक संपदेच्या उच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. लेखकाने जे स्वतः निर्मिले, त्यावर त्याचा हक्क आहे, असे ठरून सुमारे २२ लाख येन भरपाईचा आदेश झाला.

आख्यान पुराणातले असले, तरी ते रंगविण्याचे श्रम कीर्तनकाराचेच असतात. जपानच्या या हौशी कलावंतांना तेवढीच मान्यता हवी होती. ती मिळण्यास पहिल्या मेळ्यापासून पंचेचाळीस वर्षे लागली.