पेंटरांकडची उमेदवारी

'इंटर्न' हा शब्द येण्याआधी मराठीत 'उमेदवारी' होती. वकिलाकडे, छापखान्यात, नाटक कंपनीत मुलं उमेदवारी करायची. निवडणुकांनी तो शब्द पळवला. मराठी सिनेमाचा पहिला मोठा अध्याय मात्र या जुन्या अर्थाच्या उमेदवारीतूनच घडला, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत.

बाबूराव मूळचे मिस्त्री. नाटकांचे पडदे रंगवून 'पेंटर' झाले. सिनेमाचा नाद लागला तेव्हा त्यांनी आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला. त्यावर 'सैरंध्री' झाला, १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. अशा माणसाच्या हाताखाली काम करणं सोपं नसणार. रंगवलेल्या पडद्यापुढे नट उभे करून भागत असताना याला खरेखुरे, सगळ्या बाजूंनी बांधलेले सेट हवेत. 'सिंहगड'साठी (१९२३) रात्रीची दृश्यं हवीत, म्हणून कृत्रिम प्रकाश वापरायचा. वेशभूषेपासून पोस्टरपर्यंत सगळं आधी त्याच्या कागदावर उतरणार आणि मग तसंच्या तसं उभं राहायला हवं.

१९२० मध्येच मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा इथे आला. हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात आणि थिएटरात पडेल ते काम करून झालं होतं. इथेही तेच, पडेल ते काम. पण फरक असा की इथे काम पडायचं ते सगळ्याच खात्यांतलं: सामान हलवणं, फिल्म धुणं, सेट लावणं आणि गरज पडली की तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं. 'सुरेखाहरण'मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरच्या 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) जमीन गमावून शहरातल्या गिरणीत पोचणारा तरुण शेतकरी त्यानेच केला. १९२७ मध्ये पेंटरांच्याच कंपनीने 'नेताजी पालकर'चं दिग्दर्शन त्याच्याकडे दिलं.

सात वर्षं! आमच्या हडपसरच्या आयटी पार्कांत इंटर्नला सहा महिने मिळतात आणि त्यातही तो एकाच मॉड्यूलच्या टेस्टिंगला जुंपलेला असतो. मुख्य कोडला हात लावायची परवानगी येईस्तोवर सर्टिफिकेट छापून तयार. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. मोठ्या कामाची विभागणीच तशी असते. पेंटरांकडे विभागणी करण्याइतकी माणसंच नव्हती, हे शिष्यांचं नशीब.

मात्र ज्याला सगळं येतं, तो दुसऱ्याच्या मर्जीवर किती काळ राहणार? १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या भांडवलावर कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. कॅमेरा, कलादिग्दर्शन, दिग्दर्शन अशी सगळी बाजू सांभाळणारी माणसं एकदम उठून गेली. याला कृतघ्नता म्हणणारे तेव्हाही असतील. मला तसं वाटत नाही. पेंटरांनी त्यांना कारकून म्हणून घडवलंच नव्हतं.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. आज लॉ कॉलेज रोडला जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती तिचीच जागा. १९४२ मध्ये शांतारामबापू तिथूनही बाहेर पडले, म्हणजे आपली स्वतःची कंपनी सोडायचीही त्यांना सवय झाली म्हणायची. पण उमेदवारीची रीत मागे राहिली. १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर आलेल्या एका तरुणाने विश्राम बेडेकरांच्या 'लाखाराणी'त साहाय्यकाचं काम केलं आणि छोटी भूमिकाही. त्याचं नाव गुरुदत्त.

आणि पेंटर? बोलपट आल्यावर त्यांचा जम पूर्वीसारखा बसला नाही. 'सावकारी पाश' त्यांनी १९३६ मध्ये पुन्हा, आवाजासह केला. पुढे १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आला. दिग्दर्शनात नावं दोन, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. कंपनी होती राजकमल, म्हणजे शिष्याची.